प्रशिक्षणाच्या यादीत बाई का नसते?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या काही मुली आता पदवीनंतर ‘एच.आर.’ म्हणजे मनुष्यबळ विकासाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतात. मग गटात कुजबुज सुरू होते, “पोरगी मालकाच्या बाजूला गेली.” या शिक्षणाकडे आपण जरा नीट पाहू या.

याची मुळे कामगार कल्याणात आहेत. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. या अधिकाऱ्याचा पुढे पर्सोनेल मॅनेजर झाला. १९७० च्या दशकात उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी वेगळ्या मनुष्यबळ विकास विभागाची आखणी केली. कल्याण मागे पडले, ‘विकास’ आला. पण विकास कोणाचा?

प्रशिक्षणाची गरज कशी ठरवायची, हे या मुलींना शिकवतात. संस्थेला काय हवे, कामाला कोणते कौशल्य लागते आणि माणसात काय कमी आहे, हे तपासायचे. कागदावर यात खोट नाही. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सुपरवायझर देतो. तो म्हणतो, “तिला पाठवून काय उपयोग? उद्या लग्न होईल, मूल होईल.” शिवाय वर्ग पाळी सुटल्यावर असतो, नाहीतर मुक्कामी. कंत्राटी बाईचे तर नावच यादीत येत नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणारी बाई मग ‘अकुशल’ ठरते आणि तिची मजुरीही तशीच राहते.

मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत होत्या, माग पुरुषांकडे होते. बायकांची कामे आटली तेव्हा दुसरे काम शिकायची वाट कोणी ठेवलीच नव्हती. संघटित उद्योगांतून बायका कमी होत गेल्याची नोंद १९७४ च्या ‘समानतेकडे’ या सरकारी समितीच्या अहवालातही आहे.

प्रशिक्षण यशस्वी झाले का, हे मोजायला डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेले चार प्रश्न आजही शिकवतात: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामात बदल झाला का आणि संस्थेला काय मिळाले? आपण आणखी दोन विचारू या. वर्गाबाहेर कोण राहिले? शिकलेल्या बाईचा पगार वाढला का?

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार मालकाने ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या असतात. हे काम बहुधा एच.आर.कडेच असते. अर्ध्या तासात सह्या घेऊन ते उरकायचे की बायकांना बोलते करायचे, हे त्या खुर्चीवर कोण बसले आहे यावरही अवलंबून असते.

म्हणून या मुलींशी संबंध तोडू नका. त्यांना प्रकल्प करावा लागतो. त्यांना सांगा, एका कारखान्याचे तीन वर्षांचे प्रशिक्षण रजिस्टर घे. बायका किती, पुरुष किती, कायम किती, कंत्राटी किती, वर्ग किती वाजता, हे मांड. नावे गाळून तो तक्ता मराठीत लिही आणि कामगार बायकांना वाचून दाखव. पुढच्या मागणीपत्रकात काय घालायचे, ते त्या बायका ठरवतील.