वहीतली यादी हुकूम सोडते तेव्हा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग नम्र प्रश्न आला, “याला मराठीत काही नाव आहे का?” नाही. आणि इंग्रजी नावही फारसे शहाणपणाने ठेवलेले नाही. २००० साली मायक्रोसॉफ्टमधल्या सुरक्षा अभियंत्यांनी ते ठेवले. एका संकेतस्थळाच्या आडून दुसऱ्यावर डाव साधायचा, असा त्याचा तेव्हाचा अर्थ. पुढे डाव बदलले, नाव तेच राहिले. आद्याक्षरे घेतली तर सीएसएस होतात, पण ती दुसऱ्याच एका तंत्राने आधी पटकावली होती. म्हणून लघुरूप एक्सएसएस झाले. नाव बाजूला ठेवू. प्रकार असा, की कुणा परक्याने लिहिलेला मजकूर तुमचा संगणक मजकूर म्हणून दाखवत नाही, आज्ञा म्हणून पाळतो.

इथे कुणाच्या तरी ओठांवर ‘ध’चा ‘मा’ आलाच असेल. ती कथा कितपत खरी, ते इतिहासकारांवर सोडू. पण फरक लक्षात घ्या. त्या कथेतला कागद मुळातच हुकमाचा होता, त्यातले एक अक्षर बदलले. आपल्यापुढचा कागद आहे वाणसामानाच्या यादीचा. गुळानंतर हिंग वाचता वाचता शिपाई मध्येच तलवार उपसतो.

ब्राउझरमध्ये असे घडते तेव्हा नुकसान होते, पण त्याला हद्द असते. बाहेरून आलेल्या पानाला ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे, माजघरात येऊ द्यायचे नाही, ही शिस्त ब्राउझर बनवणारे बऱ्याच ठेचा खाऊन शिकले. पानातल्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानातल्या आज्ञांच्या भाषेला, तुमच्या डिस्कवरच्या फाइली हव्या तशा वाचता येत नाहीत, तुमच्या यंत्रावरचे प्रोग्रॅम सुरू करता येत नाहीत. ऑक्टोबर २००५मध्ये सॅमी कामकार नावाच्या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावर असाच, मजकुरात आज्ञा दडवलेला एक किडा सोडला. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांच्या पानांवर हा सॅमी जाऊन बसला. मायस्पेसची त्रेधा उडाली, त्याच्यावर खटला झाला. पण त्या दहा लाखांपैकी कुणाच्याही संगणकातली कागदपत्रे त्या किड्याला उघडता आली नाहीत. ओसरी कामी आली.

आता वहीकडे येऊ. एव्हरनोट, जॉपलिन अशी टिपणांची सॉफ्टवेअरे तुमच्यापैकी कित्येक जण वापरत असतील. कैरीच्या लोणच्याची कृती दिसली की चिकटव, विजेचे बिल आले की त्याचा फोटो डकव. आपल्याला वाटते ही वही आहे. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच वह्यांच्या आत ब्राउझरच दडलेला असतो. गिटहबने २०१३ साली आपल्या ॲटम या संपादकासाठी एक सांगाडा तयार केला, त्याचेच पुढे नाव पडले इलेक्ट्रॉन. क्रोमियम हा ब्राउझर आणि नोड ही जावास्क्रिप्टला फाइली उघडण्याचे, प्रोग्रॅम चालवण्याचे बळ देणारी यंत्रणा, दोन्ही त्यात एकत्र बांधलेली. सोय मोठी होती. वेबची भाषा येणाऱ्या दोनचार माणसांनी एकदाच लिहावे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालावे. पण या सोयीपायी ओसरी आणि माजघर यांमधली भिंतच गेली.

एव्हरनोटच्या विंडोज आवृत्तीचे २०१८ सालचे प्रकरण मला फार बोलके वाटते. टिपणात एक चित्र घालायचे आणि त्याचे नाव बदलायचे, एवढीच युक्ती. चित्र दाखवताना ते नाव पानाच्या मांडणीत जसेच्या तसे उतरत होते, त्यामुळे नावात अवतरणचिन्ह आणि पुढे जावास्क्रिप्ट लिहिले की ते चालू लागे. कंपनीला कळवल्यावर तिने दुरुस्ती केली. काय केली? नाव बदलताना ती विशिष्ट चिन्हे टाइप करू द्यायची नाहीत. दारावर पहारा बसला, पण आधीच आत शिरलेल्या नावांना कुणी विचारलेच नाही. जुन्या आवृत्तीत तयार केलेले टिपण ६.१५ या नव्या आवृत्तीत बिनतक्रार उघडत होते, आतल्या करामतीसकट. मग नोनसेक या चिनी संस्थेच्या संशोधकाला दिसले की टिपण मोठ्या पडद्यावर दाखवण्याच्या सोयीत नोडचे बळ उपलब्ध आहे. सहकाऱ्याने पाठवलेले टिपण त्या सोयीत उघडले, की उघडणाऱ्याच्या संगणकातल्या फाइली वाचता येत, प्रोग्रॅम चालवता येई. प्रात्यक्षिकात संशोधकाने विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडून दाखवला. या धंद्यातला हा शिष्टाचार आहे: घरात शिरता येते हे दाखवायला कुणी तिजोरी फोडत नाही, स्वयंपाकघरातला दिवा लावून दाखवतात.

जॉपलिन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, चुका उघडपणे नोंदवते, म्हणूनच त्याचा इतिहास आपल्याला इतका नीट वाचता येतो. हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. २०१८मध्ये १.०.९०च्या आधीच्या आवृत्तीत टिपणातला मजकूर थेट यंत्रापर्यंत पोहोचतो, असे आढळले. २०२०मध्ये ‘एम्बेड’ या टॅगमधून, म्हणजे पानाच्या मांडणीतल्या खुणेतून, त्याच वर्षी ‘लिंक’ टॅगमधून. २०२३मध्ये एसव्हीजी चित्रातल्या ‘यूज’मधून आणि चित्रनकाशातल्या ‘एरिया’मधून. आणखी एक दोष तर असा होता, की दुसरीकडून उचललेला मजकूर संपादकात नुसता चिकटवला तरी पुरे, तो २.१२.१० या आवृत्तीत बुजवला गेला. टिपणे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केलेली असली, तरी त्याचा इथे उपयोग शून्य. लखोटा कितीही मोहोरबंद असला तरी आतले विष ज्याच्या हाती पडायचे त्याच्याच हाती पडते.

तुम्ही म्हणाल, टिपणात असले टॅग घेतातच कशाला? कारण या वह्यांची लिपी बहुधा मार्कडाउन, आणि जॉन ग्रूबरने २००४मध्ये ती मांडली तेव्हाच ठरवले होते, की जे मार्कडाउनमध्ये बसत नाही ते सरळ वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेत लिहा. त्यामुळे दार बंद करता येत नाही, चाळणी लावावी लागते. आणि चाळणीचे असे, की एचटीएमएलमध्ये शंभरावर टॅग, प्रत्येकाचे गुणधर्म वेगळे. चाळणारा एक विसरला की संपले.

माझे मत असे, की इतकी वर्षे आपण चाळणीवरच भांडलो. दोष चाळणीत कमी, वाड्याच्या नकाशात जास्त आहे. यादी दाखवणाऱ्या खिडकीच्या हाती तिजोरीची किल्ली हवीच कशाला? इलेक्ट्रॉनच्या कर्त्यांनाही हे उमगले, पण सावकाश. २०१९मध्ये पाचव्या आवृत्तीपासून पानाला नोडचे बळ आपोआप मिळणे बंद झाले. २०२१मध्ये बाराव्या आवृत्तीत पानाचे जग सॉफ्टवेअरच्या आतल्या कोडपासून वेगळे केले गेले. २०२२मध्ये विसाव्या आवृत्तीपासून पान मुळातच कोंडलेल्या खोलीत उघडू लागले. भिंत पुन्हा बांधायला नऊ वर्षे लागली. तरीही या तिन्ही गोष्टी फक्त मूळ ठेवण आहेत. सॉफ्टवेअर लिहिणारा त्या बदलू शकतो, आणि जुना कोड चालू राहावा म्हणून बदलतातही.

तेव्हा अनोळखी माणसाने पाठवलेली टिपणांची फाइल आपल्या वहीत ओतू नका. ओळखीच्याने पाठवली तरी ती त्याला कुठून मिळाली ते विचारा. आणि आज घरी गेल्यावर वहीच्या मदत-मेनूत जाऊन आवृत्तीचा आकडा पाहा. जुना निघाला तर आधी ती नवी करून घ्या. कैरीच्या लोणच्याची कृती उद्या चिकटवली तरी चालेल.