ग्रंथचिन्ह आणि ग्रंथ : हिल्प्रांड ब्रांडेनबुर्ग यांचे दान

पुस्तकाच्या बांधणीच्या आतल्या बाजूस, मुखपृष्ठाच्या पाठीशी, मालकाचे नाव, कुलचिन्ह किंवा एखादे चित्र छापलेली जी लहानशी कागदी पट्टी चिकटवलेली असते, तिला युरोपात ‘एक्स लिब्रिस’ आणि इंग्रजीत ‘बुकप्लेट’ म्हणतात. प्रस्तुत व्याख्यानात तिच्यासाठी ग्रंथचिन्ह ही संज्ञा योजली आहे. ग्रंथचिन्हांचा इतिहास सांगताना चित्रकार, कोरक आणि उमराव संग्राहक यांचीच नावे बहुधा पुढे येतात. परंतु छापील ग्रंथचिन्हांचे जे अगदी प्राचीन नमुने आज उपलब्ध आहेत, त्यांच्यापैकी दोन प्रसिद्ध नमुने ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे आहेत आणि दोन्ही दक्षिण जर्मनीतील, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत.

पहिला नमुना योहानेस क्नाबेन्सबेर्ग ऊर्फ हान्स इग्लर यांचा. हे बव्हेरियातील एका सरदार घराण्याच्या खासगी प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक होते. साळिंदराहून पुष्कळ लहान असणाऱ्या एका काटेरी प्राण्याला जर्मन भाषेत ‘इगेल’ म्हणतात, आणि इग्लर यांनी आपल्या आडनावाचा हाच धागा पकडून तोंडात फूल धरलेला तो प्राणी ग्रंथचिन्हावर छापून घेतला. वरच्या फितीवरच्या मजकुरात पुस्तक हाती घेणाऱ्याला या काटेरी प्राण्याच्या चुंबनाची थट्टेखोर धमकी दिलेली आहे. दुसरा नमुना हिल्प्रांड ब्रांडेनबुर्ग यांचा. इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा नमुना फार मोलाचा आहे, कारण तो ज्या ग्रंथांना चिकटवला गेला त्यांतील पुष्कळ ग्रंथ आजही ओळखता येतात आणि त्यांच्या मागची व्यवस्थाही समजते.

हिल्प्रांड ब्रांडेनबुर्ग (१४४२–१५१४) हे स्वाबिया प्रांतातील बिबेराख या नगरातील सधन घराण्यात जन्मले. विद्यापीठात शिकून ते पुरोहित झाले आणि पुढे मेमिंगेन नगराजवळच्या बुक्सहाइम येथील कार्थुसियन मठाशी जोडले गेले. कार्थुसियन हा १०८४ मध्ये संत ब्रुनो यांनी स्थापन केलेला संन्याशांचा संप्रदाय असून त्यातील प्रत्येक संन्यासी स्वतंत्र कुटीत, बव्हंशी मौनात राहतो. मौन पाळणाऱ्याला व्यासपीठावरून प्रवचन करता येत नाही. तेव्हा ग्रंथांच्या नकला करून हातांनी प्रवचन करावे, असे या संप्रदायाच्या जुन्या आचारसंहितेने ठरवून दिले होते. त्यामुळे त्यांच्या मठात ग्रंथालय हे उपासनेचेच एक अंग बनले, आणि १४०२ मध्ये स्थापन झालेल्या बुक्सहाइम मठाचा ग्रंथसंग्रह पुढे जर्मन प्रदेशातील समृद्ध संग्रहांत गणला गेला. ब्रांडेनबुर्ग यांचे त्या मठातील स्थान ‘डोनाटुस’ या प्रकारचे होते, म्हणजे संन्यासदीक्षेच्या सर्व व्रतांत न बांधले जाता स्वतःला आणि आपल्या मालमत्तेला मठाला अर्पण करणाऱ्या व्यक्तीचे. त्या अर्पणाचा मुख्य भाग म्हणजे त्यांचे ग्रंथ. त्यांत हस्तलिखिते होती, तशीच दोलामुद्रितेही होती. युरोपात १५०१ पूर्वी छापल्या गेलेल्या पुस्तकांना ही संज्ञा लावतात, आणि मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील पुस्तकांसाठीही आपल्याकडील ग्रंथसंग्रहालये हाच शब्द वापरतात.

ब्रांडेनबुर्ग यांचे ग्रंथचिन्ह १४८० च्या सुमाराचे मानले जाते. लाकडी ठोकळ्यावर उलट चित्र कोरून, उंच राहिलेल्या रेषांना शाई लावून कागदावर घेतलेला हा ठसा आहे. छापल्यावर त्यात हाताने रंग भरलेले आहेत. पंख पसरलेला एक देवदूत पुढ्यात ढाल धरून आहे आणि ढालीवर नाकात कडी अडकवलेला बैल आहे, तेच ब्रांडेनबुर्ग घराण्याचे कुलचिन्ह. नाव कोठेही छापलेले नाही, कारण कुलचिन्ह पाहून घराणे ओळखणारा वाचकच त्या काळी डोळ्यांसमोर होता. ज्याच्याकडे दहावीस पुस्तके आहेत त्याला ठसा कोरवून घेण्याची गरज नव्हती, स्वतःच्या हाताने नाव लिहिले की काम भागत असे. एकाच चिन्हाच्या शेकडो प्रती हव्या असतील तरच छापण्याचा खटाटोप सार्थ ठरतो. म्हणजे मुद्रणाने पुस्तके विपुल केली आणि त्या विपुलतेवर मालकीची खूण उमटवण्याचे साधनही मुद्रणानेच पुरवले. ग्रंथचिन्हाच्या जन्माचे खरे कारण येथे सापडते. हौस किंवा अलंकरण नंतर आले.

परंतु मठाला हे चित्र पुरेसे वाटले नाही. ब्रांडेनबुर्ग यांच्याकडून आलेल्या ग्रंथांत चित्राच्या जोडीला हस्ताक्षरातील लॅटिन नोंद आढळते. हा ग्रंथ मेमिंगेनजवळच्या बुक्सहाइम येथील कार्थुसियनांचा आहे, तो बिबेराखच्या हिल्प्रांड ब्रांडेनबुर्ग या आपल्या धर्मबंधूकडून, ‘डोनाटुस’ पुरोहिताकडून, आलेला आहे, त्यात अमुक मजकूर आहे, आणि वाचणाऱ्याने दात्यासाठी व दात्याला अभिप्रेत असलेल्या इतरांसाठी प्रार्थना करावी, असा तिचा आशय आहे. या नोंदीमुळे ग्रंथचिन्हाचा हेतूच पालटतो. पुस्तक माझे आहे, नेऊ नका, असे सांगणारी खूण येथे मृत दात्याचे नाव जिवंत वाचकाच्या ओठांवर आणणारी खूण बनते. दात्याला परतावा हवा होता तो एवढाच, आणि तो मिळण्यासाठी खूण ग्रंथाला चिकटून राहणे अत्यावश्यक होते.

बांधणीच्या आत कागद चिकटवण्याच्या या सवयीने मुद्रणकलेच्या इतिहासावर आणखी एक उपकार केला आहे. १४२३ हे वर्ष कोरलेला संत ख्रिस्तोफर यांचा जो प्रसिद्ध काष्ठठसा आहे, तो याच बुक्सहाइमच्या एका हस्तलिखिताच्या बांधणीत चिकटवलेल्या अवस्थेत अठराव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आला. तो आता मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. सुट्या कागदावर छापलेली त्या काळातील असंख्य चित्रे भिंतींवर, पेट्यांवर आणि खिशांत राहून नष्ट झाली. ग्रंथाच्या आश्रयाला गेलेली तेवढी टिकली.

मठाचा संग्रह मात्र एकत्र टिकला नाही. १८०३ मध्ये जर्मन प्रदेशांत मठांच्या मालमत्ता सरकारांनी व सरदारांनी ताब्यात घेतल्या, तेव्हा बुक्सहाइम ओस्टाइन घराण्याच्या वाट्याला आले आणि पुढे वाल्डबॉट-बासेनहाइम घराण्याकडे गेले. १८८३ मध्ये या घराण्याने ग्रंथसंग्रह म्युनिकमध्ये लिलावात काढला. सतराव्या शतकाच्या अखेरीस इग्नात्स वाइबेल यांनी मठाच्या प्रार्थनागृहासाठी कोरलेली लाकडी आसनेही त्याच वर्षी विकली गेली व इंग्लंडला पोचली. आसने १९८० मध्ये परत आणली गेली आणि आज ती आपल्या मूळ जागी पाहता येतात. ग्रंथांपैकी ‘बुक्सहाइम ऑर्गन-ग्रंथ’ म्हणून ओळखले जाणारे पंधराव्या शतकातील, अडीचशेहून अधिक रचनांचे संगीत-हस्तलिखित म्युनिकच्या राज्य ग्रंथालयाला लाभले. बाकीचा संग्रह युरोप-अमेरिकेतील ग्रंथालयांत पांगला आहे. या पांगलेल्या ग्रंथांची पुन्हा यादी बांधताना अभ्यासकाच्या हाती जे पुरावे असतात, त्यांत बैलाची ढाल धरलेला तो देवदूत आणि ती लॅटिन नोंद यांचे स्थान सर्वांत वरचे आहे.

येथे ग्रंथचिन्हांच्या संग्रहाचा प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात ग्रंथचिन्हे गोळा करणे हा स्वतंत्र छंद झाला, आणि त्याच्या आरंभीही एक धर्मोपदेशक आहेत : ऑक्सफर्डचे रेव्हरंड डॅनियल पार्सन्स यांचा १८३७ मधील लेख हा इंग्लंडमधील या विषयावरचा पहिला अभ्यासलेख मानला जातो. १८८० मध्ये जॉन लेस्टर वॉरेन यांच्या मार्गदर्शक ग्रंथाने शैलींप्रमाणे वर्गीकरणाची पद्धत रूढ केली, १८९१ मध्ये लंडनला ‘एक्स लिब्रिस सोसायटी’ स्थापन झाली, आणि सर ऑगस्टस वोलास्टन फ्रँक्स यांचा पस्तीस हजारांच्या घरातील संग्रह १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाला. या संग्रहांचा उपयोग कोणीही नाकारू नये. नाव नसलेले कुलचिन्ह ओळखायचे असेल तर असा वर्णानुक्रमे लावलेला संग्रहच कामी येतो, आणि ज्यांचे ग्रंथ जळाले वा रद्दीत गेले त्यांच्या वाचनाची तेवढीच साक्ष उरलेली असते. तरीही या छंदाची किंमत फार मोठी पडली. पाण्याच्या वाफेने सैल करून काढलेल्या प्रत्येक ग्रंथचिन्हामागे खूण हरवलेला एक ग्रंथ उरतो. संग्रहाच्या पानावर कोरणीची शैली दिसते, पण या माणसाने काय वाचले, कोणते पान खुणावले, कोणाला पुस्तक दिले, यातले काहीच दिसत नाही. ब्रांडेनबुर्ग यांचेही काही ठसे असे सुटे होऊन संग्रहालयांत गेले आहेत. चित्र म्हणून ते सुरक्षित आहेत. परंतु ज्या ग्रंथाच्या वाचकाने प्रार्थना करावी अशी दात्याची इच्छा होती, त्या ग्रंथापासून ते तोडले गेले आहेत, आणि हे नुकसान कोणत्याही सूचीने भरून निघणारे नाही.

म्हणूनच ज्या ग्रंथालयाला धर्मोपदेशकाने वा अन्य कोणी जमवलेला ग्रंथचिन्हांचा संग्रह मिळतो, त्याने प्रत्येक चिन्ह कोणत्या ग्रंथातून निघाले याची उपलब्ध माहिती आधी नोंदवावी आणि शैलीचे वर्गीकरण त्यानंतर करावे. युरोपातील ग्रंथालयांनी मिळून चालवलेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदसंचात दोलामुद्रितांच्या एकेका प्रतीवरील ग्रंथचिन्हे, स्वाक्षऱ्या, शिक्के आणि टिपा आता अशाच नोंदवल्या जातात, आणि एकाच मालकाची देशोदेशी विखुरलेली पुस्तके त्यामुळे कागदावर तरी पुन्हा एकत्र येतात.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. रेव्हरंड श्वार्ट्झ या मिशनऱ्यांच्या देखरेखीत शिकलेले तंजावरचे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी जमवलेल्या युरोपीय पुस्तकांवर त्यांनी स्वहस्ते केलेल्या इंग्रजी स्वाक्षऱ्या आहेत, आणि ती पुस्तके तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात एकत्र असल्यामुळे राजांच्या वाचनाचा नकाशा आजही उलगडता येतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या ग्रंथालयांत छापील ग्रंथचिन्ह क्वचितच आढळते; तेथे जांभळ्या शाईचा शिक्का, दाखल क्रमांक आणि कोणाच्या तरी स्मरणार्थ भेट दिल्याची दोन ओळींची नोंद असते. जीर्ण पुस्तक नव्याने बांधताना नेमकी हीच पाने प्रथम फाडून टाकली जातात. ग्रंथपालांनी आणि बांधणी करणाऱ्यांनी ती पाने जशीच्या तशी आत शिवून घ्यावीत, आणि ते शक्य नसेल तेथे दात्याचे नाव, गाव व तारीख दाखल नोंदवहीत उतरवून मगच पुस्तक बांधणीला द्यावे.