पायाचे सूप आणि बाळंतिणीचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलायचे म्हणजे घशाला कोरड पडते. पण "तुम्ही आपले चुलीजवळचेच काहीतरी सांगा," असा आग्रह झाला, म्हणून उभी आहे. विषय आहे बोकडाच्या पायाचे सूप. आपल्यात माळकरी भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी थोडा वेळ मला क्षमा करावी. त्यांच्यापुरतेही शेवटी सांगणार आहे.

तापातून उठलेला माणूस, हाड मोडलेला माणूस आणि बाळंतीण, या तिघांच्या घरी आपल्याकडे हमखास पाय येतात. ही रीत आजची नाही. अशक्ताला मांसरस द्यावा असे चरकसंहितेतही आहे. शिवाय मटणाचा भाव विचारून परत फिरणाऱ्या घरालाही पाय परवडतात. म्हणून हे सूप नीट कसे करावे आणि त्यातून काय मिळते, काय मिळत नाही, हे दोन्ही आपल्याला ठाऊक असावे.

पाय खाटकाकडूनच भाजून, खूर काढून, तुकडे करून आणावेत. घरी आल्यावर सुरीने एकेक तुकडा खरवडावा. जळक्या केसांचा वास राहिला तर पुढे कितीही मसाला घाला, तो जात नाही. मग हळद आणि ज्वारीचे पीठ चोळून तीन-चार पाण्यांनी धुवावे. हळदीला आपल्या हिंगोली-वसमतच्या मुलखात काय तोटा!

चार पायांना तीन लिटर पाणी पुरे. मोठ्या भगुण्यात थंड पाण्यातच पाय घालावेत आणि मंद आचेवर ठेवावेत. उकळी येऊ लागली की वर करडा फेस येतो, तो पळीने काढून टाकावा. त्यानंतर ठेचलेले आले-लसूण, एक कांदा, दहा-बारा मिरे, चमचाभर जिरे आणि हळद घालावी. मीठ मात्र शेवटी, कारण पाणी आटत जाते आणि आधी घातलेले मीठ मागाहून तोंड खारट करते. चुलीवर पाच-सहा तास लागतात. पाणी खळखळा उकळू देऊ नये, नुसते हलत राहावे. गॅसवर एवढा वेळ परवडत नाही. कुकरमध्ये एक शिटी झाली की आच बारीक करून पाऊण ते एक तास ठेवले तरी चालते. पण कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये.

कुकरवरून एक गंमत सांगते. माझी थोरली मुलगी नर्सिंगला आहे, तिने हे मला वाचून दाखवले. हा कुकर मुळात भातासाठी निघालेलाच नाही. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ च्या सुमारास घट्ट झाकणाचे भांडे बनवले, ते हाडे मऊ करण्यासाठी. भांडे फुटू नये म्हणून वाफेला वाट देणारी झडपही त्यानेच बसवली. १६८२ साली लंडनच्या विद्वानांना त्याने त्या भांड्यातले जेवणही वाढले होते. म्हणजे कुकरात पाय शिजवणारी आपली बाई मूळ मालकाच्या मनासारखेच करते म्हणायचे!

सूप झाले की गाळून निवू द्यावे. वर चरबीचा थर येतो, तो काढून ठेवावा. खालचे सूप गार झाल्यावर खरवसासारखे थरथरले तर पाय चांगले उतरले असे समजावे. पातळच राहिले तर पाणी जास्त झाले किंवा वेळ कमी पडला. त्या थरथरणाऱ्या पदार्थाला जिलेटिन म्हणतात. हाडांच्या सांध्यांतला आणि कातडीतला चिवट भाग तासन्‌तास शिजून त्याचे हे रूप होते.

आता मुद्द्यावर येते. सूप पोटाला हलके असते, तोंडाला चव आणते, पाणी आणि थोडे मीठ देते. त्यात ताकद आहे, पण आपण समजतो तेवढी नाही. पॅरिसमध्ये गेल्याच्या मागच्या शतकात हाडांचे जिलेटिन काढून इस्पितळांतून गरिबांना सुपात देत असत. स्वस्तात पोषण होईल, अशी समजूत होती. पुढे विद्वानांची एक समिती बसली. माझांदी नावाचे शास्त्रज्ञ तिच्यात प्रमुख होते. १८४१ साली त्यांनी अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. कारण शरीर बांधायला जे घटक लागतात, त्यांतला ट्रिप्टोफॅन नावाचा एक जिलेटिनमध्ये नसतोच. चुन्याचेही तेच. हाडे चुन्याची असली तरी तो चुना पाण्यात फारसा उतरत नाही. १९३४ साली लंडनच्या डॉक्टरांनी हाडांचे सूप तपासून हेच सांगितले. लिंबू पिळले तरी थोडाच फरक पडतो. उलट १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिळात तर त्याच्या कितीतरी पट.

हे एवढे पाल्हाळ मी का लावले? तर आपल्या घरांत बाळंतिणीसाठी म्हणून पाय आणतात, मटण आणतात आणि वाटणी कशी होते ते तुम्ही सगळ्या जाणता. पातळ पाणी तिच्या वाटीत आणि फोडी, नळ्या, काळीज पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात! "तिला पचत नाही, तिला सूपच बरे," असे आपण सासवाच म्हणतो. मला हे मान्य नाही. तापातल्या माणसाचे एक-दोन दिवस ठीक. पण जी बाई रात्रंदिवस मुलाला पाजते आहे, तिला नुसते सूप म्हणजे भरल्या घरात उपास. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरी चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. रक्ताला लागणारे लोह फोडीत असते, काळजात असते, पाण्यात नसते. तेव्हा सूप द्या, पण त्याबरोबर मऊ शिजलेल्या चार फोडी, एखादे अंडे, भाकरी, वरण आणि तिळाची चटणी द्या. पायाचे मऊ मांसही तिलाच काढून द्या. आणि ताट तिचे आधी वाढा, शेवटी नव्हे.

मिठाचे पथ्य असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी हे सूप डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नये. जंतू वाढवायला प्रयोगशाळेतही मांसाचाच रस वापरतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या भगुण्यात काय होत असेल पाहा. निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे, तीन दिवसांत संपवावे, आणि दर वेळी खळखळून उकळावे. वीज गेली तर सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी पिऊन टाकावे.

आता माळकरी भगिनींसाठी. मूग किंवा कुळीथ रात्री भिजवून मऊ शिजवावे, घोटावे, त्यात जिरे, लसूण, सुंठ आणि चमचाभर तुपाची फोडणी द्यावी. लसूण वर्ज्य असेल तर हिंग. एकादशी सोडून कधीही चालते. पुष्कळ जणी वरचे पाणी तेवढे बाळंतिणीला देतात आणि गाळ गुरांच्या आंबोणात टाकतात. तसे करू नये, घोटलेली डाळ तिच्या वाटीत गेली पाहिजे. वरून शेवग्याचा कोवळा पाला घातला तर फारच चांगले.

चहा झाल्याची खूण मागून होते आहे. पायाचे प्रमाण कुणाला लिहून हवे असेल तर चहाच्या वेळी मला गाठावे.