आडनाव कुठून आलं?

खर्ड्याचा भुईकोट किल्ला आपल्या तालुक्यातलाच, निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला. पण हे निंबाळकर मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. गंमत बघा, गावात राहतो तोवर गावाच्या नावानं आपल्याला कोण ओळखतं? गाव सुटलं, की परमुलखातले लोक ‘अमक्या गावचे’ म्हणायला लागतात.

होळकरांचंही तसंच. नीरेकाठी होळ गाव आहे, त्यावरून होळकर. त्या घरात सून म्हणून गेली ती आपल्या चौंडीची लेक. अहिल्याबाई माहेरच्या शिंदे, माणकोजी शिंद्यांच्या घरी ३१ मे १७२५ ला जन्मलेल्या. होळ गाव ना त्यांच्या जन्माचं, ना वाढीचं. तरी १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार केला तो होळकर म्हणूनच. आणि आता जिल्ह्याला नाव दिलं ते अहिल्यानगर. त्यात ना माहेरचं आडनाव, ना सासरचं. आम्हाला हे फार आवडलं.

आपल्याला मात्र दोन्ही आडनावं सांभाळावी लागतात. गटातल्या कितीतरी जणींचा शाळेचा दाखला माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या. मग एखाद्या बँकेतून कर्जाची फाईल परत येते, ‘ही बाई तीच कशावरून?’ दहा हजारांसाठी चार चकरा, रोजगार बुडतो तो वेगळाच.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा कुठंच नाही, हे आम्ही प्रत्येक गटात सांगतो. बदलायचं असेल तर जरूर बदला, पण विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. जुन्या आणि नव्या नावाची सांगड त्यानंच पडते. नोंदणी राहिली असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा, उशिरानेही होते. राजपत्रात नाव बदलून घ्यायचीही सोय आहे.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारनं ठरवलाय. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर सुनेचं नाव लागलंय का, तेवढं बघा.

पुढच्या बैठकीला येताना आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला, तिन्ही घेऊन या. तिन्हींवरची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचू.