दुखणं माझं, पॉलिसी कोणाची?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मी गणपतीत गाणी म्हटली, हळदीकुंकवाला वाण वाटलं, पाण्याच्या टँकरवरून भांडलेसुद्धा. भाषण मात्र पहिल्यांदाच करतेय. विषय सेक्रेटरींनीच दिला : आजार, नोकरी आणि विमा. म्हणाले, "तुमच्याइतका अनुभव कोणाला?" हे कौतुक होतं की काय, अजून कळलेलं नाही!

2014 मध्ये मला आमवात झाला. वय सदतीस. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळायची नाहीत. बाटलीचं झाकण मी खाली वॉचमनदादांकडून उघडून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, हा आजार पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवायचा. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या मी शनिवारी रात्री घ्यायचे. म्हणजे मळमळ रविवारी, आणि सोमवारी ऑफिस.

ऑफिसात कोणाला काही सांगितलं नव्हतं. शेवटी 'वक्तशीर नाही' असा शेरा आला. तेव्हा साहेबांच्या टेबलावर हात ठेवले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग दहाऐवजी अकराला या, सातला निघा." सांगायला मी दोन वर्षं घेतली, उपाय दोन मिनिटांत निघाला. पण सगळीकडे असे साहेब नसतात. पुढे एका मुलाखतीत मी आपणहून आजार सांगितला, तर "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

2018 मध्ये आमची शाखा बंद झाली. पगार थांबणार हे माहीत होतं. विमासुद्धा त्याच दिवशी थांबला, हे मात्र डोक्यातच आलं नाही. दोन महिन्यांत न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटल. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. तेव्हा समोरच्या वहिनींनी नऊ दिवस डबा पाठवला, ते मी विसरलेले नाही.

मग स्वतःची पॉलिसी घ्यायला निघाले. एजंट म्हणाला, "ताई, आजाराचं लिहू नका. कोण बघतंय?" हे मोहात पडले होते. मी मात्र सगळं लिहिलं. एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीने जास्त प्रीमियम लावून आणि आमवातासाठी चार वर्षं थांबा म्हणून पॉलिसी दिली. त्या चार वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही. 2023 मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कंपनीने जुने कागद मागवले, माझा फॉर्म काढला. आजार त्यात लिहिलेला होता. क्लेम पास झाला. एजंटचं ऐकलं असतं, तर दुसरी एफडी मोडावी लागली असती, आणि ती नव्हतीच.

आता कामाच्या चार गोष्टी सांगते. लिहून घ्या.

पहिली : आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. एप्रिल 2024 पासून तसा नियम आहे. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'तुम्ही हे लपवलं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण सलग म्हणजे सलग.

दुसरी : नोकरी सोडताना एचआरला विचारा, या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. कंपनी तपासणी करून ठरवते, पण झालं तर आधी काढलेली वर्षं वाया जात नाहीत. मी हे विचारलंच नाही.

तिसरी : क्लेम नाकारला तर रडत बसू नका. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

चौथी : सत्तरी ओलांडलेल्या काका-काकूंनो, आयुष्मान कार्ड काढलंत का? ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न कितीही असलं तरी ते मिळतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन या, मोबाइलवर आपली मुलं करून देतील.

आणि नोकरीत आजार सांगायचा की नाही? कधी, कोणाला, किती, ते ज्याने त्याने बघावं. सही करायच्या फॉर्मवर मात्र खोटं नको.

माझी लेक, तिसऱ्या रांगेत बसलीय, आता नोकरीला लागली. मी पॉलिसीचा विषय काढला, की म्हणायची, "आई, कंपनीचा विमा आहे ना!" मी तिला माझी जुनी फाइल वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची पॉलिसी काढली. फॉर्मवर 'आजार' या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. तो रकाना असा कोरा आहे तोवरच फॉर्म भरा, एवढंच माझं सांगणं.

चहा तयार आहे असं कळतंय.