बागेच्या राखणीला आलेले पाहुणे

नेपाळहून आलेले अभ्यासक मित्र आणि आज बागेतलं काम बाजूला ठेवून आलेल्या माझ्या नेपाळी भावांनो,

मी अभ्यासक नाही, रत्नागिरीतला आंबा बागायतदार आहे. बागेत जे पाहिलं, तेवढंच बोलतो.

दिवाळीच्या सुमारास हे नेपाळी भाऊ आमच्या बागांत कामाला येऊ लागतात. नेपाळच्या अछाम, बझांग, कैलाली जिल्ह्यांतून निघायचं, महाकाली नदी ओलांडून भारतातलं बनबसा गाठायचं, पुढे दिल्ली आणि मग कोकण. फवारणी, रात्रीची राखण, वानरं हाकलणं, झेल्याने देठासकट आंबा उतरवणं, सगळं त्यांच्यावर. बंदरात नौकांवर खलाशी म्हणूनही तेच. पाऊस तोंडावर आला की भातलावणीसाठी घराकडे परत.

१९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना ना व्हिसा लागतो, ना पासपोर्ट. ही मोकळी वाट दोन्ही देशांनी जपली, याचा मला अभिमान आहे. पण वाट मोकळी म्हणून माणूस मात्र कुठल्याच वहीत नाही. आखातात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला त्याचं सरकार 'श्रम स्वीकृती', म्हणजे परदेशात कामाला जाण्याची परवानगी, देतं; विमा तिलाच जोडलेला. भारतात यायला ती लागत नाही, म्हणून विमाही नाही. आपण १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्यांसाठी होता. मग यांचा वाली कोण?

काही वर्षांपूर्वी माझ्याच बागेत एक तरुण कलमावरून पडला. दवाखान्यात आधार कार्ड मागितलं. त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेली 'नागरिकता', म्हणजे नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र, काढली. टेबलापलीकडच्या माणसाने ती उलटसुलट पाहून परत दिली. पैसे मी भरले, तो बरा झाला. पण त्याच्या घरी कळवायचं तर माझ्याकडे गावाचं नाव नव्हतं की फोन नंबर. चार हंगाम तो माझ्या मांगरात, बागेतल्या खोपटात, राहिला होता, माझ्या आईला 'आमा' म्हणत होता. ती चूक माझी होती.

आणि ती मोकळी वाटही कधी मिटते. मार्च २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सीमेवरच्या धारचुल्याला महाकालीवरचा पूल बंद झाला, तेव्हा घरी परतणाऱ्या काही जणांनी महाकालीत उड्या घेतल्या. पलीकडे त्यांचा स्वतःचा देश होता!

म्हणून या परिषदेकडे माझं मागणं साधं आहे. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी, विमा उतरवला जावा आणि त्याची 'नागरिकता' आपल्या दवाखान्यात ग्राह्य धरली जावी. नोंद मात्र त्याला अडवण्यासाठी नको. माझ्या बागेतल्या नोंदवहीत आता घरचा पत्ता आणि फोन आधी लिहिला जातो.

जेवणानंतरच्या सत्रात हे भाऊ स्वतः बोलणार आहेत, नेपाळीत आणि रत्नागिरीच्या मराठीतही. पुढची रांग त्यांच्यासाठी ठेवली आहे. भावांनो, मागे उभे राहू नका, पुढे या.