तेरा हजारांचा प्रिंटर आणि तात्यांची चकती

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबहून बोलतोय. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वडलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. बोलताना मागून पंख्याची घरघर आणि मधेच किर्र किर्र असा आवाज आला तर समजून घ्या. मशीन चालू आहे आणि ते आज बंद करता येणार नाही. का, ते ओघात येईलच.

विषय आहे थ्रीडी प्रिंटरचा. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू बनवणारं यंत्र. आमच्याकडं पहिल्यांदा बघायला आलेला माणूस हमखास म्हणतो, "हे तर कुंभारकाम झालं की." आमच्या जिल्ह्यातलं तेर हे गोरोबाकाकांचं गाव, त्यामुळं असं म्हणणं साहजिकच आहे. फरक एवढाच, की कुंभार आधी घडवतो आणि मग भाजतो. इथं घडवणं आणि भाजणं एकाच वेळी चालतं. एक थर बिघडला की वरचे सगळे बिघडतात.

मी ते यंत्र कसं बनवलं हे सांगायच्या आधी त्यानं मला कुठं तोंडघशी पाडलं ते सांगतो.

आमच्या शेजारचे तात्या सोयाबीन पेरतात, बीबीएफ यंत्रानं. रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणारं यंत्र. त्याच्या प्रत्येक पेटीत तिरकी बसवलेली एक चकती असते. चकतीच्या कडेला खाचा असतात, एकेका खाचेत बी बसतं, चकती फिरते, बी वर येतं आणि नळीत पडतं. मृगाचा पाऊस झाला, कृषी खातं सांगतं तसा 75 ते 100 मिलिमीटर होऊ दिला, वाफसा आला आणि नेमक्या त्या सकाळी एक चकती तडकली. कळंबला मिळाली नाही, बार्शीला फोन केला तर "दोन दिवसांनी या". वाफसा दोन दिवस थांबत नसतो.

मी छाती काढून म्हणालो, "तात्या, संध्याकाळी देतो."

तुटलेले तुकडे जोडले, व्हर्नियरनं मापं घेतली, कॉम्प्युटरवर काढली आणि पाच तासांत चकती तयार. दुकानात मूठभर सोयाबीन घेऊन फिरवून पाहिलं. प्रत्येक खाचेत एक दाणा. अण्णासुद्धा "जमलं की" म्हणाले, आणि अण्णा असं सहसा म्हणत नाहीत.

आठ दिवसांनी तात्या दुकानात आले. बसले नाहीत. "जरा शेताकडं येतो का?" एवढंच म्हणाले.

चार ओळींतल्या तीन ओळी भरून उगवल्या होत्या. चौथी, माझ्या चकतीची, अशी दिसत होती जसे पडलेले दात. हातभर रोपं, मग वीतभर मोकळं, मग पुन्हा दोन रोपं. दोन एकरभर हेच.

कारण शोधायला मला रात्रभर लागली. एकतर वितळलेलं प्लास्टिक थोडं पसरतं, त्यामुळं भोकं आणि खाचा काढल्या मापापेक्षा नेहमी बारीक येतात, दोन-तीन दशांश मिलिमीटरनं. त्यात पहिला थर काचेवर दाबला जातो, त्याची कड बाहेर फुगते. पण खरी चूक वेगळीच होती. मी तपासणी केली कोरड्या बियांवर. तात्यांनी पेरणीला वापरलं होतं बीजप्रक्रिया केलेलं बी, गुळाच्या पाण्यात रायझोबियम कालवून चोळलेलं. ते सावलीत सुकवतात, तरी दाणा किंचित जाड आणि चिकट होतोच. काही खाचांत शिरलाच नाही, काहींत अडकून बसला.

नांगे भरायला चार बायका दोन दिवस लागल्या. ती मजुरी मी दिली. तात्या नको म्हणत होते, पण अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पैसे तात्यांच्या खिशात कोंबूनच आलो.

आता यंत्राकडं येतो.

2019 साली मी ते बांधायला घेतलं. हे तंत्र मुळात जुनं आहे. अमेरिकेतल्या स्कॉट क्रंप यांनी 1989 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि ते पेटंट 2009 साली संपलं. त्याच्या आधीच, 2005 साली, इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला होता. कल्पना अशी, की प्रिंटरनं स्वतःचेच काही भाग छापावेत आणि सगळे नकाशे लोकांना फुकट द्यावेत. आज माझ्यासारखा माणूस कळंबात बसून यंत्र जोडतो ते या मोकळेपणामुळं. आपल्याकडंही ही हवा नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि 2002 साली एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली, अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. खेड्यातल्या पोरानं हातानं करत शिकावं, हा त्यामागचा विचार.

माझ्या यंत्राचे छापील भाग पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावानं कॉलेजच्या प्रिंटरवर काढून दिले. इलेक्ट्रॉनिक्स बुधवार पेठेतून आणलं. आर्डुइनो मेगा, त्यावर बसणारा रॅम्प्स बोर्ड आणि ड्रायव्हर मिळून 1,900 रुपये. नेमा 17 मापाच्या पाच स्टेपर मोटारी 2,750. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय 950. गोल सळया आणि बेअरिंग 1,900, हे सोलापूरहून. गरम होणारी पाटी, हॉटएंड, बेल्ट, स्क्रू, पंखे, स्क्रीन धरून सगळं 13 हजार 450 रुपयांत बसलं. हा कागदावरचा हिशेब हां. शिकताना तीन ड्रायव्हर आणि एक पाटी जाळली, ते धरून साडेपंधरा.

सांगाडा मी चौकोनी पाइपचा वेल्डिंग करून घेतला आणि तिथंच पहिला फटका बसला. वेल्डिंगनं पाइप ओढला जातो. गुण्या लावला तर कोपरा बरोबर दिसायचा, पण दोन्ही कर्ण मोजले तर तीन मिलिमीटरचा फरक. छापलेला चौकोन म्हणजे पतंग निघायचा. दाराची चौकट बसवताना सुतार जसा दोरी धरून कर्ण मोजतो, तसं आधी करायला हवं होतं. शेवटी वेल्डिंग तोडून नट-बोल्टवर बांधला. तुम्ही करत असाल तर पहिल्यापासून नट-बोल्टच घ्या.

बाकी गणित सोपं आहे, भिऊ नका. मोटार एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, ड्रायव्हर एका पावलाचे 16 तुकडे करतो, म्हणजे 3,200. पुलीला 20 दाते, बेल्टच्या दोन दात्यांत 2 मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात बेल्ट 40 मिलिमीटर सरकतो. 3,200 भागिले 40, म्हणजे मिलिमीटरला 80. हा आकडा मार्लिन नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा.

माझे तीन ड्रायव्हर जळाले ते चालू लाइटीत मोटारीची पिन काढल्यामुळं. रिवायंडिंगवाल्याच्या पोरानं असं करावं! अण्णा अजून चिडवतात.

आता जे सांगतोय ते नीट ऐका, बाकी विसरलात तरी चालेल.

पहिल्या वर्षी यंत्र घरात होतं, आतल्या खोलीत. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिथंच झोपायची. जुलैतली रात्र होती, मी मशीन लावून झोपलो. दोनच्या सुमारास बायकोनं हलवून उठवलं, "काहीतरी जळतंय." जाऊन बघतो तर खोलीत धूर, हॉटएंड धरणारा प्लास्टिकचा तुकडा मेणासारखा लोंबत होता. बटण बंद केलं, पोरीला उचलून अंगणात आणलं. तिला काही झालं नाही. आतली टेफ्लॉनची नळी जास्त तापली की तिचा धूर फार वाईट असतो, हे मला नंतर कळलं.

झालं होतं असं. नोझलच्या ठोकळ्यात थर्मिस्टर असतो, उष्णता मोजणारा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. मी तो टेपनं चिकटवला होता. तो निसटून बाहेर लोंबायला लागला. बाहेर हवा गार, म्हणून बोर्डाला वाटलं ठोकळा गार पडतोय. त्यानं हीटर पूर्ण जोरात चालू ठेवला. जितका तापतोय तितकं त्याला कमीच वाटतंय.

मार्लिनमध्ये यावर इलाज आहे, थर्मल प्रोटेक्शन. हीटर चालू असून तापमान वाढत नाही किंवा अचानक पडलं, असं दिसलं की सगळं बंद. मी कुणीतरी दिलेली तयार फाइल टाकली होती आणि तिच्यात ते बंद होतं. मी उघडून बघितलंही नव्हतं. तुमचं यंत्र घरी बांधलेलं असो की जुनं विकत घेतलेलं, तपासणी अशी करा: लाइट बंद करून हीटरच्या वायरी सोडवा, पुन्हा चालू करा आणि तापायची आज्ञा द्या. थोड्या वेळात एरर दाखवून ते थांबलं पाहिजे. नाही थांबलं, तर त्या दिवशी एकही वस्तू छापू नका.

थर्मिस्टर स्क्रूनं पक्का बसवा. पाटीच्या वायरीतून अकरा-बारा अँपिअर जातो, तिथं वायरीच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर हळूहळू दबतं, स्क्रू ढिला होतो आणि कनेक्टर काळा पडतो. थिंबल लावा. माझं यंत्र आता दुकानात, फरशीवर, वेगळ्या एमसीबीवर आहे आणि मी घरी गेलो की ते बंद असतं. रात्रीची कामं घेत नाही, पैसे कितीही मिळोत.

निगराणीचं म्हणाल तर खर्च पैशाचा कमी, लक्ष देण्याचा जास्त. आमच्याकडं काळ्या मातीची धूळ. तारेला स्पंजाचा तुकडा अडकवा, तो धूळ पुसून घेतो. सळयांना शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. पितळी नोझल स्वस्त आहे, खरवडत बसू नका, बदला. पण बदलताना ती गरम असतानाच घट्ट करा, नाहीतर फटीतून प्लास्टिक गळतं. काच फोटोफ्रेमवाल्याकडून कापून घेतली, साबणानं धुतो, वर शाळेतली गोंदकांडी फिरवतो.

पावसाळ्यात तार ओल धरते. छापताना चुर्र-चुर्र आवाज, वस्तूवर केसासारखे धागे. मी रीळ गरम पाटीवर ठेवून वर पुठ्ठ्याचं खोकं झाकतो, पीएलएला पंचेचाळीस अंश, चार-सहा तास. मग धान्याच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. मे महिन्यात एकदा हुशारी करून पत्र्यावर उन्हात ठेवलं होतं. तारेचे वेटोळे एकमेकांना चिकटून भाकरी झाली.

त्यावरून आठवलं. पीएलए मक्यापासून, उसापासून बनतं, छापायला सगळ्यात सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ठिबकच्या नळीची टोपणं मी पीएलएची दिली होती, उन्हाळ्यात काळ्या नळीवर ती कलिंगडाच्या सालीसारखी वाकली. आता शेतातलं सगळं पीईटीजीमध्ये. नोझल 240, पाटी 75. धागे जास्त येतात, सोसायचं.

बरेच जण विचारतात, शून्यातून बांधू का? आज नका बांधू, असं माझं मत. 2018 साली एंडर 3 आला, त्याची जुनी यंत्रं आता हातोहात मिळतात आणि तुम्ही सुटे भाग गोळा करेपर्यंत तेवढेच पैसे जातात. जुनं घ्या, खोला, पुन्हा जोडा. उघडून पाहिल्याशिवाय मात्र वापरू नका. आणि सर्वांत आधी ती थर्मल प्रोटेक्शनची तपासणी.

तात्यांचं राहिलं. पुढच्या वर्षी ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये आले, या वेळी बसले, चहा घेतला आणि पिशवीतून किलोभर सोयाबीन काढून टेबलावर ठेवलं. "गुळाचं पाणी लावून बघ," म्हणाले.

मी बघितलं. तीन मापांच्या खाचा काढल्या, कडा गोलसर केल्या, पहिल्या थराची फुगलेली कड कानशीनं घासली. प्रत्येक चकती शंभर खाचा होईपर्यंत हातानं फिरवली आणि रिकाम्या खाचा मोजल्या. पहिलीत अकरा रिकाम्या. दुसरीत दोन. तिसरीत एकही नाही, पण सहा ठिकाणी दोन-दोन दाणे. तात्या म्हणाले दुसरी चालेल, दाट झालं तर बी वाया जातं. एका चकतीला पंचेचाळीस ग्रॅम तार, चाळीस रुपयांची, आणि अर्धा युनिट लाइट. मी दीडशे घेतो. त्यात मापं तपासायचा वेळ धरलाय.

आता मे संपत आलाय. तात्यांच्या भावकीतल्या तिघांनी चकत्या सांगितल्यात, एकाची तूर आहे, तिच्या खाचा वेगळ्या. मशीनवर आहे ती चौथी चकती, अजून पावणेदोन तास. लाइट गेली नाही तर सात वाजता काढतो आणि दुकान बंद करतो.